नोरा जोन्सच्या ‘कम अवे विथ मी’चा विसाव्या वर्षाचा संच: काय ऐकायचं, काय सोडायचं

अमेरिकन गायिका-पियानोवादक नोरा जोन्सच्या या पहिल्या अल्बमची मूळ सीडी घरात असेल तर हा संच पहिल्या तबकडीसाठी घेऊ नका. तीच १४ गाणी, तोच क्रम, तीच पाऊण तासाची बैठक. नव्या मास्टरिंगचा फरक शांत खोलीत, चांगल्या हेडफोनवर, दोन्ही प्रतींचा आवाज नीट जुळवून ऐकला तरच कळतो, आणि कळला तरी त्यासाठी पुन्हा पैसे मोजावेत इतका तो मोठा नाही. पैसे वसूल होतात ते पुढच्या तबकड्यांवर. हा अल्बम दोनदा बनला होता आणि पहिल्यांदा बनलेला बाजूला ठेवला गेला, ही गोष्ट तिथे कानाने ऐकायला मिळते.

‘ब्लू नोट’ या जॅझच्या ध्वनिमुद्रण कंपनीने हा संच एप्रिल २०२२ मध्ये बाजारात आणला. तीन सीडी किंवा चार एलपी, एकूण ४४ ध्वनिमुद्रणं, आणि त्यातली निम्मी तोवर कुठेच प्रसिद्ध न झालेली. ढोबळ मांडणी अशी: आधी २००२चा अल्बम, मग डेमो (कंपनीला ऐकवायला केलेली नमुन्याची ध्वनिमुद्रणं) आणि ‘फर्स्ट सेशन्स’ या सहा गाण्यांच्या छोट्या तबकडीतला माल, शेवटी ‘अल्लेयर सेशन्स’, म्हणजे बाजूला ठेवलेला तो पहिला अल्बम, जुन्या टेपवरून नव्याने मिक्स करून.

क्रम समजायला थोडा इतिहास हवा. नोरा टेक्ससमध्ये आईजवळ वाढली, नॉर्थ टेक्सस विद्यापीठात जॅझ पियानो शिकायला लागली आणि १९९९ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून न्यूयॉर्कला आली. तिथे गिटारवादक-गीतकार जेसी हॅरिस आणि बासवादक ली अलेक्झांडर यांच्यासोबत तिचा छोटा संघ जमला. २००० सालच्या अखेरीस मॅनहॅटनमधल्या ‘सॉर्सरर साउंड’ स्टुडिओत ध्वनिमुद्रक जे न्यूलँडबरोबर डेमो झाले आणि ते ऐकून ‘ब्लू नोट’चे प्रमुख ब्रूस लंडव्हॉल यांनी पुढची तयारी सुरू केली. निर्माता म्हणून आला क्रेग स्ट्रीट. जॅझ गायिका कॅसँड्रा विल्सनचे ‘ब्लू लाइट टिल डॉन’ आणि ‘न्यू मून डॉटर’ हे नव्वदीतले अल्बम त्याचेच. २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल डोंगरावरच्या ‘अल्लेयर’ स्टुडिओत मंडळी जमली. गिटारवर बिल फ्रिझेल आणि केव्हिन ब्राइट, ड्रमवर ब्रायन ब्लेड अशी नावं, सगळी पहिल्या रांगेतली. अल्बम झाला. कंपनीला मात्र तो डेमोपासून फार लांब गेलेला वाटला. मग अरिफ मार्डिन यांना बोलावलं गेलं. अरेथा फ्रँकलिनपासून बी जीजपर्यंत सगळ्यांबरोबर काम केलेला, साठी उलटलेला, इस्तंबूलमध्ये जन्मलेला हा निर्माता. त्यांनी सर्वांत शहाणपणाची गोष्ट केली: डेमोला शक्यतो हात लावला नाही. ‘डोन्ट नो व्हाय’ जगाने ऐकलं ते मुळात डेमोच्या वेळचं ध्वनिमुद्रण आहे. अल्लेयरमधली दोन-तीन गाणी डागडुजी करून ठेवली, काही नव्याने केली, आणि २६ फेब्रुवारी २००२ रोजी अल्बम आला.

म्हणून ऐकण्याचा क्रम छापलेल्या क्रमाच्या उलटसुलट ठेवा: आधी डेमो, मग अल्लेयर, सगळ्यात शेवटी मूळ अल्बम. पहिल्यापासून सुरुवात केली तर कान ओळखीच्या गाण्यांना इतके सरावतात की अल्लेयरचं प्रत्येक गाणं ‘चुकलेलं’ वाटायला लागतं, आणि त्या तबकडीवर अन्याय होतो. एका बैठकीत सगळं संपवण्याचाही अट्टहास नको. शीर्षकगीत डेमो, अल्लेयर आणि अंतिम अशा तिन्ही अवस्थांत आहे. तेवढं एकच गाणं लागोपाठ ऐकलं तरी संचाचं मर्म हाती लागतं. हे गाणं संथ तिनाच्या ठेक्यावर चालतं आणि स्वरांच्या दृष्टीने अगदी साधं आहे: सी मेजर, मोजून चार-पाच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट. इतक्या साध्या मालात लपायला जागा नसते. साथीचं एक वाद्य वाढलं की गाणं बदलतं.

ऐकताना एक तांत्रिक पथ्य पाळा. दोन ध्वनिमुद्रणांपैकी जे जरा मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं, एखाद-दोन डेसिबलचा फरकसुद्धा निकाल फिरवतो. त्यामुळे तुलना करताना आवाज एकूण मिक्सवर जुळवू नका, गायिकेच्या आवाजावर जुळवा. एका आवृत्तीत तिचा आवाज ज्या पातळीला सुखाने ऐकू येतो, दुसरीतही तो तिथेच येईपर्यंत नॉब फिरवा, आणि मग बघा भोवतीची वाद्यं किती वर आलीत. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर अॅपमधली आवाज समान करणारी सोय आधी बंद करा, आणि शफल तर हमखास बंद. एकाच गाण्याच्या आवृत्त्या विखरून वाजल्या तर हा संच निव्वळ पुनरुक्ती वाटेल.

आता अल्लेयरबद्दल. ही तबकडी वाईट नाही. वेगळ्या गायिकेची वाटावी इतकी ती वेगळी आहे. रात्रीचा, धुकट नाद, लांबवर रेंगाळणाऱ्या गिटारी, ड्रमला जास्त जागा. मग बिनसलं कुठे? स्ट्रीटची पद्धत कॅसँड्रा विल्सनवर इतकी फळली त्याचं एक कारण असं की त्या अल्बमांत पियानो जवळजवळ नाहीच. खाली विल्सनचा खोल, खर्जाकडे झुकणारा आवाज, वर गिटारीच्या तारा आणि तालवाद्यं, मधल्या स्वरांचा पट्टा मोकळा. नोराच्या बाबतीत मधल्या पट्ट्यात तिचा स्वतःचा पियानो बसलेला असतो, आणि तिचा आवाजही तिथेच नांदतो. त्याच पट्ट्यात दोन-दोन गिटारी आल्या, त्यांना ट्रेमोलो (आवाजाचा कंप) आणि लांब प्रतिध्वनी दिले, की पियानोचे विरळ स्वर बुजतात. पियानो बुजला की गायकी अर्धी राहते, कारण ही बाई ओळ संपल्यावर जे म्हणायचं राहिलं ते पियानोवर म्हणते. आवाज आणि पियानो असा तो एकाच व्यक्तीचा संवाद आहे. मध्ये तिसरा कुणी बोलायला लागला, कितीही गोड बोलला, तरी संवाद तुटतो. फ्रिझेलसारख्या वादकाला दोष देण्यात अर्थ नाही. तो एरवी कमी वाजवण्यासाठीच प्रसिद्ध आहे. गर्दी माणसांची नव्हती, पट्ट्याची होती.

‘डोन्ट नो व्हाय’ हा या सगळ्याचा पुरावा म्हणून घेता येतो. गाणं जेसी हॅरिसचं. मूळ पट्टी बी फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच. ज्या कॉर्डवर चाल उभी आहे त्या आठ: बी फ्लॅट मेजर सेव्हन, बी फ्लॅट सेव्हन, ई फ्लॅट मेजर सेव्हन, पाचवा स्वर चढवलेली डी सेव्हन, जी मायनर सेव्हन, सी सेव्हन, एफ सेव्हन सस फोर (तिसऱ्या स्वराच्या जागी चौथा घेतलेली), आणि परत बी फ्लॅट. कागदावर ही यादी जॅझच्या विद्यार्थ्याला रोजची वाटेल. पेटी घेऊन बसा आणि काळी पाचला षड्ज धरा. आठही कॉर्डमध्ये षड्ज आहे. एकातही सुटत नाही. कधी तो पाया असतो, कधी पंचमाच्या जागी, कधी तिसरा, कधी सातवा, पण असतोच. त्याच वेळी आतून एक दुसरी ओळ उतरत जाते: शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, पंचम, तीव्र म, शुद्ध म, गंधार. आठ कॉर्ड, आठ स्वर, प्रत्येक पायरी बरोबर अर्ध्या स्वराची. वर षड्ज अढळ आणि खाली एक स्वर पायऱ्या उतरतोय.

(नोरा पंडित रविशंकरांची मुलगी, म्हणून हे ऐकून ‘बघा, रक्तातच आहे’ असं म्हणायचा मोह होईल. आवरा. चाल हॅरिसची आहे आणि त्याचा सतारीशी संबंध नाही.)

गाणं हलकं वाटूनही रिकामं का वाटत नाही, याचं उत्तर त्या उतरत्या ओळीत आहे. आणि ती ऐकू यायची तर साथ विरळच हवी. बास, ब्रशने वाजवलेले ड्रम, एक गिटार, पियानो. डेमोच्या वेळी एवढंच होतं. मधल्या भागात एफ सेव्हन स्वतःच्या तिसऱ्या स्वरासकट येते, षड्ज पहिल्यांदा सुटतो, आणि म्हणूनच तिथे खिडकी उघडल्यासारखं होतं. भरगच्च वाद्यमेळात यातलं काहीही कानावर पडलं नसतं.

हे गाणं बसवणाऱ्यांचं घोडं जिथे पेंड खातं त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे चौथी कॉर्ड. इंटरनेटवरून उतरवलेल्या सोप्या आवृत्त्यांत तिथे साधी डी सेव्हन लिहिलेली सापडते. साध्या डी सेव्हनमध्ये ‘ए’ हा स्वर असतो, म्हणजे शुद्ध नी. षड्ज तुटतो आणि ओळीला विनाकारण धार येते. पाचवा स्वर चढवला की ‘ए’च्या जागी बी फ्लॅट येतो आणि धागा अखंड राहतो. सातव्या कॉर्डचंही तेच: ‘सस फोर’ गाळून साधी एफ सेव्हन वाजवली की पुन्हा तोच ‘ए’, आणि मधल्या भागातला मोकळेपणा आधीच खर्च होऊन बसतो.

दुसरी जागा लय. मूळ गती मिनिटाला ८८च्या आसपास. मेट्रोनोम ८८वर न लावता ४४वर लावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. मग झुलवा आपोआप येतो. नोरा लयीच्या किंचित मागे गाते हे सगळ्यांना ऐकू येतं. बास आणि ड्रम मागे जात नाहीत हे फार थोड्यांना. गायिका रेंगाळते तेव्हा बाकीच्यांनी जागचं हलायचं नसतं. नाहीतर चार ओळींत गती ८०वर येते आणि गाणं अंगाई होतं.

तिसरी, आणि हौशी कार्यक्रमांत सर्वांत जास्त दिसणारी, चूक आवाज लावण्याची. हळू गाणं म्हणजे श्वास सोडत कुजबुजणं अशी समजूत पसरली आहे. मूळ ध्वनिमुद्रण नीट ऐका: आवाज लहान आहे, पण स्वर लागलेला आहे, स्वरतंतू नीट मिटताहेत, श्वासाची फुसफुस मोजकी आहे. जवळिकीचा भास बराचसा मायक्रोफोनच्या अंतरातून येतो. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या, मायक्रोफोनच्या अगदी जवळ गेलं की खालचे स्वर फुगतात, आवाज उबदार वाटतो. मंचावर हे हवं असेल तर साध्या डायनॅमिक मायक्रोफोनपासून पाच ते आठ सेंटीमीटरवर राहा, ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, २०० हर्ट्झच्या आसपास गढूळ झालं तर दोन-तीन डेसिबल उतरवा. कुजबुजत गायलात तर ध्वनियोजकाला गेन (मायक्रोफोनचा आवाज) इतका चढवावा लागतो की मंचावरचा मॉनिटर स्पीकर शिट्टी मारायला लागतो, आणि पियानोचा आवाजही त्याच मायक्रोफोनमधून शिरतो. अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबल जातात. भावनेच्या भरात मान मागे टाकण्याआधी एवढा हिशेब असू द्यावा.

पियानोवर बसणाऱ्यासाठी एकच सूचना पुरेशी आहे: बासवादक असेल तर डाव्या हाताने मूळ स्वर वाजवू नका, आणि आपण गात असताना उजव्या हाताने चाल वाजवू नका. उजवा हात ओळींच्या मधल्या फटीत. तिथे नोरा कंट्री पियानोतली ती छोटी घसरण वापरते, शेजारच्या स्वरावर बोट टेकवून लगेच हव्या त्या स्वरावर सरकायचं. फ्लॉइड क्रेमर या नॅशव्हिलच्या पियानोवादकाने ती लोकप्रिय केली. जॅझच्या कॉर्डवर कंट्रीची घसरण: शैलींची सरमिसळ म्हणतात ती या गायिकेच्या बाबतीत अशी बोटांत आहे. गाण्यांच्या निवडीत ती नंतर दिसते.

निवडही बोलकी आहेच. मूळ १४ गाण्यांत हँक विल्यम्सचं ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ आहे. १९५१चं, अस्सल कंट्री. त्याच वर्षी टोनी बेनेटने ते पॉपमध्ये नेऊन गाजवलं होतं, म्हणजे हे गाणं कुंपण ओलांडायला सरावलेलंच होतं. नोरा ते बासच्या चालीवर, जॅझच्या अंगाने घेते, आणि विल्यम्सच्या आवाजातला हुंदका पूर्णपणे गाळते. शेवटचं गाणं होगी कारमायकलचं, फक्त आवाज आणि पियानो. ज्यांना ती ‘खरी’ जॅझ गायिका आहे का असा प्रश्न पडतो त्यांनी हे शेवटचं तीन मिनिटांचं गाणं ऐकून ठरवावं. मधे अकॉर्डियन असलेलं एक गाणं आहे, व्हायोलिन असलेलं एक मायनरमधलं उदास गाणं आहे, आणि तिची स्वतःची दोन. गीतकार म्हणून ती या अल्बमवर अजून अंग चोरून आहे. बहुतेक भार हॅरिस आणि अलेक्झांडरने उचललाय.

हा रस्ता तिने शोधलेला नाही. रे चार्ल्सने १९६२ मध्ये कंट्रीची गाणी आपल्या ढंगात गाऊन तो पाडला, आणि टेक्ससच्याच विली नेल्सनने १९७८ मध्ये उलट बाजूने, जुनी जॅझ स्टँडर्ड्‌स कंट्री गळ्याने गाऊन, तो रुंद केला. तिने त्यावर आवाज कमी करून चालून दाखवलं. बिलबोर्डच्या यादीत अल्बम १३९व्या क्रमांकावर शिरला आणि जानेवारी २००३ मध्ये पहिल्यावर पोचला. पुढच्या महिन्यात ग्रॅमी: या अल्बमच्या खात्यात आठ, त्यांपैकी पाच नोराला स्वतःला. गंमत अशी की आठांपैकी एकही जॅझच्या विभागातलं नव्हतं. वर्षातला अल्बम, रेकॉर्ड, गाणं, नवा कलाकार, पॉपची दोन, निर्मितीचं एक, ध्वनिमुद्रणाचं एक. ‘ब्लू नोट’ ही १९३९ पासूनची जॅझची पेढी. तिच्या इतिहासातला सर्वाधिक खपाचा अल्बम पॉप म्हणून गौरवला गेला. जॅझच्या कर्मठांनी नाकं मुरडली, पण त्याच पैशांवर कंपनी बरीच वर्षं बिनखपाचं जॅझ काढू शकली असणार, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

संचातले दोष सांगायलाच हवेत. डेमोच्या भागात गुणवत्ता खालीवर आहे. काही गाणी आराखड्यापुरतीच आहेत आणि दुसऱ्यांदा ऐकावीशी वाटत नाहीत. एकच गाणं तीन-तीनदा येतं, ते अभ्यासकाला वरदान आणि रविवारी सकाळी सहज लावणाऱ्याला कंटाळा. अल्लेयरचं आजचं मिक्स २०२२च्या कानांनी केलेलं आहे, त्यामुळे २००१ मध्ये कंपनीने नेमकं जे ऐकून मान हलवली तेच आपण ऐकतोय असं समजू नये. डेमोच्या भागातलं एक गाणं मात्र अजिबात चुकवू नका: जॅझ पियानोवादक होरेस सिल्व्हरची १९५९ची ‘पीस’ ही रचना. दहा मापांची, म्हणजे नेहमीच्या आठ किंवा बाराच्या हिशेबात न बसणारी. गाफील राहिलं की आवर्तन कुठे संपलं ते कळत नाही. विशीतली मुलगी ती कुठेही न अडखळता गाते. हेच गाणं तिने २०१६च्या ‘डे ब्रेक्स’मध्ये पुन्हा घेतलं आहे. दोन्ही लागोपाठ ऐका: आवाज थोडा खाली आणि जाड झालाय, आणि तरुणपणी ती जिथे सुंदर स्वर शोधायची तिथे आता थांबायला शिकली आहे.

त्यावरून पुढे काय घ्यावं याकडे येतो. ‘फील्स लाइक होम’ (२००४) हे पहिल्याचंच धाकटं भावंड, कंट्रीकडे जास्त झुकलेलं. डॉली पार्टनबरोबरचं युगुलगीत त्यातच. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या दहा लाखांवर प्रती गेल्या, पण पहिला अल्बम असेल तर त्याची घाई नाही. ‘नॉट टू लेट’ (२००७) गीतकार नोरासाठी, कारण यातलं प्रत्येक गाणं लिहिण्यात तिचा हात आहे. ‘द फॉल’ (२००९) मध्ये ती पियानोवरून उठून गिटार घेते. प्रामाणिक प्रयोग, पण तिची डावी बाजू लंगडी पडते. ‘लिटल ब्रोकन हार्ट्‌स’ (२०१२) निर्माता डेंजर माउसबरोबरचा, आणि इथे अल्लेयरचं कोडं सुटतं: वाद्यांची गर्दी, प्रतिध्वनी, अंधार सगळं आहे, तरी आवाज बुडत नाही, कारण पियानोला मध्यावरून हटवून गाणी मुळातच त्या नादासाठी लिहिली आहेत. जुन्या चालींवर नवा अंगरखा चढवलेला नाही. अल्लेयर ऐकल्यावर हा अल्बम ऐकाच.

‘डे ब्रेक्स’ हा तिचा सर्वांत भरीव अल्बम, असं माझं मत. वेन शॉर्टरचा सोप्रानो सॅक्सोफोन, डॉ. लॉनी स्मिथचा ऑर्गन, ड्रमवर पुन्हा ब्रायन ब्लेड. नऊ स्वतःची गाणी आणि तीन इतरांची: सिल्व्हर, ड्यूक एलिंग्टन आणि नील यंग. या तीन नावांतच तिचा नकाशा आहे. ‘व्हिजन्स’ (२०२४) लिऑन मिशेल्सबरोबरचा, घरगुती, जरा खरखरीत आणि मजेत केलेला. ज्यांना नोरा म्हणजे झोपेची गोळी वाटते त्यांना हाच द्यावा.

इतरांच्या तबकड्यांवरचं तिचं कामही मोजण्यासारखं आहे. रे चार्ल्सच्या २००४च्या शेवटच्या अल्बमवरचं युगुलगीत, ज्याला वर्षातल्या रेकॉर्डचं ग्रॅमी मिळालं. हर्बी हॅनकॉकच्या ‘रिव्हर’ (२००७) या जोनी मिचेलच्या गाण्यांवरच्या अल्बममधलं एक गाणं. आणि आपल्याकडच्या श्रोत्यांना हटकून हवं असतं ते, सावत्र बहीण अनुष्का शंकरच्या ‘ट्रेसेस ऑफ यू’ (२०१३) मधली तीन गाणी. पंडित रविशंकरांच्या लेकीकडून सतारीचे संस्कार ऐकायची आशा असेल तर तिथेही निराशा होईल. ती तिथेही टेक्ससचीच गाते, आणि म्हणून ती गाणी चांगली आहेत.

आता सीडी की एलपी. हे संगीत शांत आहे, त्यात जागा खूप आहेत, म्हणून एलपीवरची प्रत्येक कुरकुर ऐकू येते. नवी तबकडीसुद्धा एकदा ओल्या पद्धतीने धुऊन, पूर्ण वाळवूनच लावा. कारखान्यातला बारीक कचरा स्थिर विजेमुळे चिकटून राहतो आणि पहिल्याच वाजवण्यात खोबणीत रुततो. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसवलेली असते त्या भागाच्या) पत्रकात दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे ठेवा. हलका भार सुईला आणि तबकडीला वाचवतो ही गैरसमजूत आहे. कमी भारात सुई खोबणीत उडते आणि ‘स’, ‘श’ फाटतात. हा दोष आतल्या खोबण्यांत, म्हणजे प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात, सर्वांत जास्त दिसतो, कारण तिथे तेवढ्याच फेऱ्यांत सुईखालून कमी लांबीची खोबण सरकते. मूळ अल्बममधलं आवाज आणि पियानोचं ते शेवटचं गाणं नेमकं तिथेच येतं, तेव्हा कार्ट्रिजची जुळणी तपासायला तेच लावा. पियानोचा लांब स्वर थरथरला तर तबकडीचं भोक मध्यावर नाही. आवाजाला कड आली तर जुळणी चुकली आहे.

चार एलपी म्हणजे आठ बाजू. एकाच गाण्याच्या तीन आवृत्त्या लागोपाठ ऐकायच्या तर दर तीन मिनिटांनी उठावं लागतं. तुलनेसाठी सीडी किंवा स्ट्रीमिंगच बरं. मूळ अल्बम ज्यांच्याकडे कुठल्याच रूपात नाही त्यांनी साधी एक तबकडीची आवृत्ती घ्यावी, ती पाठ होऊ द्यावी आणि मग संचाचा विचार करावा. गाणी बसवणारे, निर्माते, ध्वनिमुद्रक आणि पियानोवर बसून गाणारे यांनी मात्र थेट तीन सीडींचा संच घ्यावा आणि दुसऱ्या तबकडीपासून सुरुवात करावी.